एक्केचाळीसवर थांबलेला काटा

दहाव्या खाटेवरची शिवणकाम करणारी बाई सकाळी सहाला गेली, आणि ती कुणामुळे गेली हे नऊच्या आत ठरूनही गेलं.

निरीक्षक बाईंना फोन आला तो मोठ्या डॉक्टरांचा. ते त्या संशोधन रुग्णालयाचे प्रमुख. आवाजात दुःख होतं, पण घाई त्याहून जास्त होती.

"दोषी सापडलीय. चार वाजता पोलीस तिला न्यायला येतील. तुम्ही त्याआधी येऊन अहवालावर सही करा."

"सापडलीय, तर मी कशाला?"

"नियम आहे म्हणून."

औषधांची तपासणी करण्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. गुडघे गेले, चष्म्याचा नंबर तीनदा वाढला, पण "नियम आहे म्हणून" ऐकलं की कपाळावर आठी पडायची ती काही गेली नव्हती. त्यांनी भिंग पिशवीत टाकलं आणि निघाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी दारातच गाठून सगळं सांगून टाकलं. वाळूमाशी चावते, तिच्यातून एक परजीवी रक्तात शिरतो, प्लीहा सुजते, ताप हटत नाही, आणि उपचार झाला नाही तर माणूस झिजून मरतो. जुनं औषध म्हणजे तीस दिवस रोज एक सुई. गरीब माणूस दहाव्या दिवशी कामाला पळतो आणि मग कायमचा जातो. म्हणून इथं आठ वर्षं खपून नवा उपाय काढला होता. जखमेचे टाके जसे आपोआप विरघळतात, तसल्याच पदार्थाचे पिठाहून बारीक कण करायचे आणि त्यांच्या पोटात औषध भरायचं. एकच सुई. कण अंगात हळूहळू विरघळतात, औषध दीड महिना झिरपत राहतं.

"चाळीस रोगी, चार पेट्या, पेटीत दहा कुप्या," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या तीन पेट्यांचे तीसच्या तीस रोगी आठवड्यात तापातून उठले. चौथ्या पेटीतल्या दहांपैकी एकाचाही ताप उतरला नाही. आज त्यातली एक गेली. नऊ अजून खाटेवर आहेत."

"ताप उतरत नाही म्हटल्यावर जुनं औषध का नाही सुरू केलं?"

"चाचणीच्या नियमात तीस दिवस थांबायचं लिहिलंय. तीस परवा झाले, काल सुरू केलं."

"नियम कुणी लिहिला?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "मी. पण मुद्दा तो नाही. मुद्दा फ्रीजचा आहे."

फ्रीजची खोली तळमजल्यावर होती. स्टुलावर एक साठीला टेकलेली बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला सगळे मावशी म्हणत. बावीस वर्षं त्या फ्रीजची किल्ली तिच्या कमरेला होती. आज ती किल्ली टेबलावर पडलेली होती.

"हे बघा," डॉक्टरांनी फ्रीजमधून थर्मामीटर काढून पुढं धरला. गोल तबकडी, काळा काटा चारवर. दुसरा एक तांबडा काटा होता, तो मात्र एक्केचाळीसवर. "तापमान जिथवर चढतं तिथं हा तांबडा काटा जाऊन थांबतो. मागचं बटण दाबेपर्यंत खाली येत नाही. म्हणजे फ्रीज कधीतरी एक्केचाळीसवर गेला होता. हिनं दार उघडं टाकलं, कण बिघडले, आणि ही गप्प बसली."

"मावशी, तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार बाई. सकाळ-संध्याकाळ दोन्ही काटे बघते, वहीत लिहिते, बटण दाबते. आठ दिवसांपूर्वी संध्याकाळी तांबडा काटा पाचवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक्केचाळीसवर. तेव्हापासून बटण दाबलं नाही, कुणीतरी बघावं म्हणून काटा तसाच ठेवलाय."

"आणि काळा?"

"काळा चारवरच. मी जे दिसलं ते लिहिलं."

वही खरंच तसंच सांगत होती. एक्केचाळीसचा आकडा तिनंच लिहिला होता, खाली सही केली होती, आणि तीच वही आता तिच्या विरुद्धचा पुरावा होती. स्वतःच्या गळ्यातला फास कुणी इतक्या सुबक अक्षरात लिहितं का, असं बाईंच्या मनात आलं.

"चौथी पेटी तर महिन्यापूर्वीच वापरून संपली ना?" बाईंनी विचारलं. "मग आठ दिवसांपूर्वीच्या आकड्याचा तिच्याशी काय संबंध?"

"ही म्हणते आठ दिवसांपूर्वी," डॉक्टर म्हणाले. "आधीपासूनच असणार. महिनाभर डोळे झाकून पाच-पाच लिहीत राहिली, आणि लोक दगावायची वेळ आली तेव्हा घाबरून खरं लिहिलं."

मावशीनं मान वर केली नाही. "ह्यांनी ठरवलंच आहे बाई. मला पेन्शनला अकरा महिने राहिलेत. घरात अंथरुणाला खिळलेला नवरा आहे. मी आत गेले तर त्याला पाणी कोण पाजणार, तेवढं सांगा."

बाई थर्मामीटर उलटा करून भिंगातून बघत होत्या. मागं कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावरची शाई फुटून निळा ओघळ आला होता.

"ही चिठ्ठी?"

"माझीच. तपासल्याची तारीख लिहून लावते."

"शाई अशीच फुटते का नेहमी?"

"बावीस वर्षांत नाही फुटली. माझ्या फ्रीजमध्ये पाण्याचा थेंब नसतो."

बाईंनी चिठ्ठीचा फोटो काढला आणि वर वॉर्डात गेल्या.

वॉर्डची सिस्टर सडसडीत, बोलायला फटकळ. नऊ खाटांवर नऊ माणसं पांघरुणं ओढून कुडकुडत होती. दहावी खाट झाडून स्वच्छ केलेली, उशाशी एक सुयांची डबी तेवढी राहिली होती.

"तिच्या पोरीचा फ्रॉक शिवत होती," सिस्टर म्हणाली. "एक बाही राहिली. आता तुम्ही काय विचारायचं ते विचारा."

"सुया तुम्हीच दिल्या?"

"चाळीसच्या चाळीस मीच."

"चौथी पेटी वेगळी वाटली? रंग, वास, काही?"

"काही नाही. तीच पिवळी पावडर. पाणी घातलं, हलवलं, सुईत भरलं. सुई कुठं तुंबलीसुद्धा नाही."

"रिकाम्या कुप्या?"

"फेकून दिल्या असतील असं मोठे डॉक्टर धरून चाललेत. मी फेकत नाही. चाचणी संपून मोजून दिल्याशिवाय काच वॉर्डाबाहेर जाऊ देत नाही, सवय आहे माझी." तिनं कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. चौथ्या पेटीच्या दहा कुप्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. त्यातल्या दोन कुप्यांच्या तळाशी पिवळी पावडर चिमूटभर चिकटून होती.

"सिस्टर, तुमचे उपकार विसरणार नाही."

"उपकार कसले. मावशीला न्या म्हणतात, आणि जिनं कधी कापसाचा बोळा इकडचा तिकडं केला नाही तिला."

"चाचणीत कुणाला घेत नव्हतात?"

"साठीच्या वरचे, मूत्रपिंडाचे रोगी, आणि गरोदर बायका. गरोदर बाईला तर जुनं औषधही देत नाहीत, पोटातल्या बाळाला सोसत नाही. तिनं नुसती वाट बघायची. दोघं जगली तर जगली."

खाली येताना जिन्यात धुलाईवाला भेटला, खांद्यावर चादरींचं गाठोडं. बाईंना बघून स्वतःहूनच थांबला. तक्रार करायला सरकारी माणूस मिळाला की कोण सोडतो.

"बाई, त्या पिवळ्या औषधाचं काहीतरी लिहा की. सुई दिली की दोन थेंब चादरीवर सांडतात. पहिल्या तीस चादरींचे डाग मी उकळून, घासून, ब्लीच टाकून काढायला बघितले. हात सोलले. जात नाहीत ते नाहीत."

"आणि नंतर?"

त्याचा चेहरा खुलला. "नंतर मी साबण बदलला. शेवटच्या दहा चादरी अशा निघाल्या, एका धुण्यात पांढऱ्याशुभ्र. तो साबण कायमचा आणा असं मी वर लिहून दिलंय."

"त्याच साबणानं जुने डाग निघाले?"

त्यानं गाठोडं खाली ठेवलं. "नाही," तो जरा विचार करून म्हणाला. "ते नाही निघाले. जुने झाले असतील म्हणून."

बाईंनी त्याला दोन मिनिटं तिथंच उभं करून सगळं लिहून घेतलं आणि मग त्या वॉर्डाशेजारच्या छोट्या खोलीत शिरल्या. तिथं रक्त तपासायचा मायक्रोस्कोप होता. कुपीतली चिमूट काचेवर घेतली, डोळा लावला आणि श्वास रोखला. श्वास रोखायला त्यांना एकानंच शिकवलं होतं, तिशीसुद्धा उलटली नव्हती तेव्हा. "आधी श्वास थांबव, मग कण दिसेल," असं म्हणायचा तो माणूस. तो अजून याच रुग्णालयात होता.

कण दिसले. बघून त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

दुपारी एकला त्या मागच्या इमारतीत गेल्या. तिथं कण बनायचे. बनवणारा तंत्रज्ञ गेली तीस वर्षं तोच, पांढरी मिशी, पांढरा कोट, नखं कापलेली. सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण निम्म्या खात्यानं त्याच्या हाताखाली काम शिकलं होतं. बाईंनीही.

"ये पोरी. बस. गुडघे काय म्हणतात?"

"रडतात. मास्तर, तुमचे कण मला परत एकदा समजावून सांगा. ऊब लागली तर काय होतं?"

"विसरलीस? पस्तिसाच्या वर गेले की मऊ पडतात, एकमेकांना चिकटतात. मग सगळा गोळा. सुईतून जात नाही, अंगात नीट विरघळत नाही." त्यानं मान हलवली. "मावशी चांगली बाई आहे. पण वय झालं. दार राहिलं असेल."

"आणि तुम्ही बनवताना कधी बिघडतात?"

"माझ्या हातून?" मास्तरांना ते लागलंच. "औषध भरायच्या आधी मी सरावाचे रिकामे कण काढतो, यंत्राचा हात बघायला. ते फेकायचेच असतात. पण तेही मी चाळणीतून काढतो. चाळल्याशिवाय एक कण या खोलीतून बाहेर गेलेला नाही."

"प्रत्येक पेटीची एक राखीव कुपी तुमच्याकडे असते ना? चौथीची द्या."

"फुटली. हातातून निसटली."

तीस वर्षांत मास्तरांच्या हातून काच फुटल्याचं बाईंनी ऐकलं नव्हतं. टेबलावर लोकरीचे दोन इवलेसे मोजे होते.

"हे कुणाचे?"

"मुलीला मुलगा झाला. गेल्या आठवड्यात." त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"तिलाही हाच ताप होता असं कानावर होतं."

"होता. बरी झाली."

"कशानं?"

"जुन्या औषधानं." मास्तरांनी मोजे उचलून खणात ठेवले.

बाईंना वाटलं, हे आपण विचारलंच नसतं तर बरं झालं असतं. पण विचारलं होतं, आणि उत्तरही मिळालं होतं.

तीन वाजता त्यांनी सगळ्यांना फ्रीजच्या खोलीत बोलावलं. मोठे डॉक्टर, सिस्टर, मास्तर, आणि स्टुलावर मावशी. खोली लहान, त्यामुळे सगळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे.

"सही झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"होईल. आधी ऐका. हा फ्रीज एक्केचाळीसवर कधी गेलाच नाही."

"काटा समोर आहे."

"काटा एक्केचाळीसवर गेला, फ्रीज नाही. चौथ्या पेटीच्या दोन कुप्यांत पावडर राहिली होती, सिस्टरांच्या कृपेनं. मी ती बघितली. एकूण एक कण सुटा, गोल, मोहरीसारखा. एक्केचाळीस तर सोडाच, पस्तीस जरी लागले असते तरी त्यांचा गोळा झाला असता. सुईसुद्धा तुंबली नव्हती. थर्मामीटरच्या मागच्या चिठ्ठीची शाई फुटलीय. कुणीतरी तो काढून कोमट पाण्यात बुडवला आणि परत ठेवला. एका रात्रीत, कारण आदल्या संध्याकाळी मावशींनी पाच लिहिलेत आणि ते खरे आहेत."

मावशीनं पहिल्यांदाच मान वर केली.

"मग कण चांगले असून रोगी बरे का झाले नाहीत?" डॉक्टर म्हणाले.

"कारण त्यांच्या पोटात औषध नव्हतं. औषधाचा पिवळा डाग कशानंही जात नाही, धुलाईवाल्याचे हात सोलले तरी गेला नाही. शेवटच्या दहा चादरींचा एका धुण्यात गेला. तो म्हणतो साबण. पण त्याच साबणानं जुने डाग निघत नाहीत. म्हणजे पिवळं होतं ते औषध नव्हतं. पाण्यात निघून जाणारा पिवळा रंग. बहुधा जीवनसत्त्वाची गोळी, ते प्रयोगशाळा सांगेल."

"वॉर्डात कुणी बदललं असेल," डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी नजर फिरवली.

"नाही. रंग कणांवर नाही, कणांच्या आत आहे. तो फक्त कण बनताना घालता येतो. सिस्टरना येत नाही, मावशींना येत नाही, तुम्हालाही येत नाही डॉक्टर. आणि कण चाळलेले आहेत. खोटे, फेकायच्या लायकीचे, पण चाळलेले. या रुग्णालयात असा एकच माणूस आहे, आणि पेट्या आणून ठेवायला फ्रीजची दुसरी किल्लीही त्याच्याकडेच असते." बाई मास्तरांकडे वळल्या. "तुम्ही ते खराब करायला हवे होते, मास्तर. थोडे चिकटू द्यायचे होते. मग मी फ्रीजवर विश्वास ठेवला असता."

मास्तर कोटाच्या खिशात हात घालून उभे होते.

"खराब काढायला हात वळला नाही," ते शेवटी म्हणाले.

"मुलीसाठी?"

"आठवा महिना होता. जुनं औषध देत नाहीत, नवं देत नाहीत. वाट बघा म्हणाले. हे कण मी बनवले, पोरी. आठ वर्षं. माझ्याच मुलीला वाट बघायला सांगतात."

"एक कुपी लागत होती," सिस्टर म्हणाली. "एकच. दहा का?"

उत्तर बाईंनीच दिलं.

"पेटीतले नऊ बरे झाले आणि एकच राहिला, तर त्या एका कुपीची चौकशी होते. सगळी पेटीच वाया गेली तर दोष फ्रीजला जातो. बरोबर ना? आणि फ्रीज म्हणजे मावशी."

"कुणी मरेल असं वाटलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "ताप उतरला नाही की लगेच जुनं औषध देतील असं धरून चाललो होतो. तीस दिवस थांबतील असं कुठं माहीत होतं?"

मोठ्या डॉक्टरांनी खिडकीकडे तोंड केलं.

"तेही अहवालात येईल," बाई म्हणाल्या. "आता माझा एकच प्रश्न उरलाय. खरी पेटी बनली होती. एक मुलीला दिलीत. राखीव धरून दहा उरतात. कुठं आहेत?"

मास्तरांचे डोळे चमकले, त्या दिवसात पहिल्यांदाच. "घरी. फ्रीजमध्ये. जपून ठेवल्यात. मुलीला परत ताप आला तर म्हणून. घेऊन या, नऊजणांना आजच द्या. नऊच्या नऊ वाचतील."

सिस्टर स्वतः रुग्णालयाची गाडी घेऊन गेली. घर दहा मिनिटांवर होतं. तोपर्यंत मास्तर हलक्या आवाजात सांगत होते, पाणी किती घालायचं, किती हलवायचं. जणू आजचा दिवस रोजच्यासारखाच होता. बाईंना त्यांच्यावर चीड येत होती आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींपैकी एकही करायची ती वेळ नव्हती.

सिस्टर परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिनं डबा टेबलावर ठेवला. बाईंनी एक कुपी उचलून हलवली. काही हललं नाही. तळाशी एक पिवळा खडा होता, ओल लागलेल्या मिठासारखा घट्ट. दुसरीत तेच. दहाव्या कुपीपर्यंत तेच.

"तुमच्या घरच्या म्हणाल्या," सिस्टरनं मास्तरांकडे न बघता सांगितलं, "गेल्या आठवड्यात आपल्या गल्लीत दोन दिवस वीज नव्हती. त्यांना कुप्यांचं काही ठाऊकच नव्हतं. तुम्ही बाळंतिणीपाशी होतात."

मास्तरांनी एक कुपी हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि नकळत श्वास रोखला. बघायला मायक्रोस्कोपची गरज नव्हती. कण कसे दिसतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"नवं औषध यायला किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"चार महिने," डॉक्टर म्हणाले. "तोवर जुनंच. रोज एक सुई. एवढ्या अशक्तपणात किती जणांना सोसेल, सांगता येत नाही."

चार वाजले. दारात दोन पोलीस आले आणि कुणाला न्यायचं म्हणून इकडं तिकडं बघू लागले. बाईंनी हातानं दाखवलं. मास्तरांनी कोट काढून घडी घालून टेबलावर ठेवला. जाताना ते मावशीसमोर थांबले.

मावशी स्टुलावरून उठली. बावीस वर्षांत ती त्यांच्याशी कधी वर मान करून बोलली नव्हती. आताही आवाज चढवला नाही.

"मास्तर, माझ्याकडं आणून द्यायच्या होत्यात," ती म्हणाली. "पोरीसाठी म्हणाला असतात तर मी कोपऱ्यात ठेवून घेतल्या असत्या, कुणाला बोलले नसते. माझ्या फ्रीजमध्ये त्या चारवर राहिल्या असत्या."

मास्तर गेले. मावशीनं टेबलावरची किल्ली उचलून कमरेला खोचली, थर्मामीटरच्या मागचं बटण दाबलं, तांबडा काटा चारवर आलेला बघितला, आणि वहीत संध्याकाळचा आकडा लिहिला.